आमच्याकडे असं होत नाही

पाणी चौथ्या दिवशी येतं, पहाटे पावणेतीनला,
म्हणून मी जागा असतो असं घरात वाटतं.
खरं तर पिंप भरेपर्यंत
मी एक अर्धीकच्ची सिस्टीम उतरवून घेत असतो
जुन्या लॅपटॉपवर, ज्याचं एक बिजागर
चादरीच्या गठ्ठ्याच्या सुतळीनं बांधलंय.

सुरू होण्याआधीच ती बजावते:
ही आवृत्ती पक्की नाही.
तुमचं काहीही जाऊ शकतं.
रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नका.
मी 'मान्य' दाबतो.
दुसरं मशीन आहे कुठे.

एकदा बासष्ट टक्क्यांवर वीज गेली.
बोळातले माग एकदम गप्प झाले
आणि आई अंधारात, सुपातली पानं न बघता कातरत,
तेलुगूत म्हणाली, काय चाललंय?
तपासतोय.
काय?
चुका.
कुणाच्या?
त्या मला सांगता येईनात.
किती देतात?
काही नाही.

तिनं पुढे विचारलं नाही.
हजार बिड्या नेऊन दिल्या की कारखान्यात
एक जण मूठभर बाजूला काढतो: छाट.
छाटीचे पैसे नाहीत, बिड्याही परत नाहीत.
चाळीस वर्षांत तिनं पाहिलेला
चुका काढणारा प्रत्येक माणूस
पगारी होता.

मला सापडली ती चूक अशी:
'दऱ्या' लिहिलं की र मोडून पडायचा,
य एकटा,
आणि मध्ये टिंबांचं एक रिकामं वर्तुळ,
शर्टाचं बटण गेल्यावर राहते तशी जागा.
चूक कशी घडते ते पायरी-पायरीनं कळवायचं असतं.
आधी माझ्यासाठी मराठीत टिपण करू म्हटलं,
तर 'पायऱ्या' हाच शब्द मोडला.

उत्तर आलं, जिथे तेव्हा दुपार असेल तिथून:
आमच्याकडे असं होत नाही.
हिंदीत लावून पाहिलं, ठीक आहे.

चव्वेचाळीस अंश होते त्या दिवशी.
लॅपटॉपखाली ओला टॉवेल,
वाकड्या किनारीमुळे नापास झालेला, म्हणून स्वस्तात मिळालेला.
मी लिहिलं:
दर्या म्हणजे समुद्र.
दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा.
सोलापुरात दोन्ही नाहीत.
पण लिहिता आल्या पाहिजेत.
सोबत अकरा चित्रं जोडली.

मधल्या एका आवृत्तीनं माझे फोटो खाल्ले.
लावण्याच्या मुलीचं बारसं, सगळं.
तेही कळवलं, ठरलेल्या नमुन्यात:
अपेक्षित: फोटो असावेत.
प्रत्यक्ष: नाहीत.
वारंवारता: एकदाच.
त्यावर कुणी काही बोललं नाही.
लावण्या अजून मागते. पाठवतो म्हणतो.

पक्की आवृत्ती आली तेव्हा बदलांच्या लांब यादीत
खूप खाली एक ओळ होती,
एका जोडाक्षराबद्दल. नाव कुणाचं नव्हतं.

आईचा पेन्शनचा अर्ज भरायला
कन्ना चौकातल्या सेंटरवर गेलो.
बोधूलांच्या पोरानं आदल्या दिवशीच नवी सिस्टीम टाकलेली.
पत्ता सांग बे, म्हणाला.
दुसऱ्या बोळात, कोपऱ्यावरचं घर.
त्यानं टाईप केलं, चहाचा घोट घेतला,
पुढचा रकाना.
दोन्ही ठिकाणी र आपल्या जागी, य ला बिलगून,
जसा काही कधी सुटलाच नव्हता.
काय बघायलास? म्हणाला.
काही नाही, छाप.

आईला मराठी वाचता येत नाही.
तिनं कागद हातात घेतला,
अंगठा कडेकडेनं फिरवला,
बिडी सैल आहे का बघतात तसा,
आणि घडी करून पदरात ठेवला.
पास.

पाणी परवा आहे.
पुढची कच्ची आवृत्तीही.